एका फाईलला एक शब्द

४ मार्च, सोमवार

आजपासून पुन्हा डायरी. ऑफिसात तोंड मिटून बसावं लागतं आणि घरी बायको म्हणते, तुमचं ऑफिस उंबऱ्याबाहेर ठेवून या. मग माणसानं बोलायचं कुठं?

साहेबांनी सकाळी शिलाई कारखान्याच्या चौकशीची फाईल माझ्या टेबलावर ठेवली. चाळीस जबाब, सगळे आपल्या भाषेतले. ते इंग्रजीत करायचे, कारण चौकशी अधिकारी बाईंना आपल्या भाषेतलं एक अक्षरही कळत नाही. मुदत सत्तावीस तारखेची. झालं असं की पहिली पाळी सुटताना तिथं पिशव्यांची झडती होते आणि तेवढा वेळ मागचं दार बाहेरून बंद ठेवतात. गेल्या महिन्यात नेमका त्याच वेळी इस्त्रीच्या खोलीतून धूर निघाला. दुसऱ्या पाळीची माणसं बाहेर उभी होती, त्यांनी दार फोडलं. कारखाना म्हणतो, धूर किरकोळ होता, लोक संधी साधून आत घुसले आणि दोन मशिनं मोडली. बावीस जणांना कामावरून काढायचं की नाही, ते या चौकशीत ठरणार.

पहिला जबाब पहारेकऱ्याचा. ‘दाराबाहेर पुष्कळ माणसं होती, दार उघड म्हणत होती.’ या ‘पुष्कळ माणसं’वर माझा पाऊण तास गेला. इंग्रजीत माणसांच्या घोळक्याला शब्द डझनभर आहेत आणि एकही साधा नाही. क्राउड म्हणजे अगदीच पाणचट, सामना बघायला आलेली माणसंही क्राउडच. थ्रॉंगमध्ये कसली तरी हौस आहे. मल्टिट्यूड लिहिलं की प्रवचन सुरू झाल्यासारखं वाटतं. होर्ड म्हटलं की मागून घोडेस्वार आलेच. गॅदरिंग तर आपण शाळेतल्या नाटकांसाठी कधीच पळवलं आहे. शेवटी फाईलला जोडलेलं कारखान्याचं तक्रारीचं पत्र पाहिलं, ते मुळातच इंग्रजीत आहे. त्यात चार ठिकाणी मॉब. शब्द छोटा, ठसठशीत, आणि फाईलमध्ये आधीच बसलेला. मीही तोच घेतला. वाक्याला एकदम धार आली.

६ मार्च, बुधवार

टंकलेखक बाईंनी आज माझ्या कामात नाक खुपसलं. म्हणाल्या, दुसऱ्या जबाबात तो माणूस ‘आम्ही सगळे’ म्हणतो, तिथंही मॉबच टाईप करू का? मी म्हटलं, करा. एका फाईलला एक शब्द.

हा नियम माझा आहे. नऊ वर्षांपूर्वी एका खटल्यात आमच्या तिघांनी एकाच पुलाला तीन शब्द वापरले आणि न्यायाधीशांनी गावात तीन पूल आहेत असं धरून निकाल लिहायला घेतला होता. तेव्हा मी साहेबांना चिठ्ठी लिहिली, की पहिल्या जबाबात जो शब्द लागेल तोच फाईल संपेपर्यंत चालवावा. साहेबांनी ती चिठ्ठी भिंतीवर लावली. अजून आहे, कोपरे पिवळे पडले आहेत. साहेब महिनाअखेरीस निवृत्त होतात. त्यांच्या खुर्चीसाठी माझ्या बाजूनं दोनच गोष्टी बोलतात, हा नियम आणि नऊ वर्षांत माझ्या नावावर एकही दुरुस्ती-पत्र नाही ही. बाईंना हे सांगितलं. त्या ‘बरं’ म्हणाल्या. त्यांचं ‘बरं’ मला कधीच बरं वाटत नाही.

१० मार्च, रविवार

धाकटी जेवायला आली होती. माझी एकुलती एक बहीण, आणि महिनामहिना तोंड दाखवत नाही. उजव्या हाताला पट्टी होती. विचारलं तर म्हणाली, भाजलं. कशानं? तर म्हणे, गरम होतं ते. असं उत्तर देते. वाळलीही आहे. स्टेशनरीच्या दुकानात बसून काम, ओळखीनं मीच चिकटवून दिलेलं, तिथं वाळायला काय झालं ते कळत नाही.

वातावरण जरा हलकं करावं म्हणून मी इंग्रजीतल्या समुदायवाचक शब्दांचा विषय काढला. माशांचा स्कूल, सिंहांचा प्राइड, कावळ्यांचा चक्क मर्डर. बायकोनं हसून दाखवलं. मग माणसांवर आलो. सांगितलं की शब्द बघूनच कळतं माणसं कशासाठी आली आहेत. बघायला आली तर क्राउड, मोडायला आली तर मॉब. उदाहरण म्हणून हातातल्या फाईलचं सांगितलं, नावगाव न घेता. दार फोडून आत घुसलेले लोक, म्हणजे मॉब.

धाकटीनं डाव्या हातानं भात कालवता कालवता विचारलं, “आणि ती नुसती दार उघडायला आली असतील तर?”

मी म्हटलं, ते फाईलवर अवलंबून.

“फाईल कोण लिहितं?”

असले वेडगळ प्रश्न. मी समजावून सांगत होतो तोवर ती पान अर्धवट टाकून उठली. बायको तिच्या मागं जिना उतरून गेली आणि बराच वेळ वर आली नाही. वाळलीस म्हटल्याचा राग आला असणार. लहानपणापासून नाकावर राग.

१२ मार्च, मंगळवार

दहा जबाब झाले. खुर्चीची पाठ मोडली आहे. मागणी-अर्ज केला, तर कार्यालय म्हणतं अर्ज दोन प्रतींत द्या. धाकटी फोन उचलत नाही.

१४ मार्च, गुरुवार

आज टंकलेखक बाईंनी हद्द केली. सोळावा जबाब आतल्या एका वयस्क बटणवालीचा आहे. बटणं लावणारी म्हणजे बटणवाली, कारखान्यात असंच म्हणतात. ती म्हणते, ‘डोळ्यांपुढं अंधारी आली होती. मग त्या पोरापोरींनी दार पाडलं आणि मला उचलून बाहेर आणलं.’ मी नियमाप्रमाणे लिहिलं, की मॉबनं दार पाडलं आणि मला उचलून बाहेर आणलं. बाई टाईप करायच्या थांबल्या. म्हणाल्या, मॉब कुणाला उचलून बाहेर आणतो का?

मी म्हटलं, वाक्य ऐकायला विचित्र आहे, मान्य. पण इथं पोरंपोरी लिहिलं तर अधिकारी बाई विचारतील, ही पोरं वेगळी आणि तो मॉब वेगळा का. पुन्हा तीन पूल. बाईंनी टाईप केलं, पण कळांवर अशी बोटं आपटली की शेजारच्या खोलीतला माणूस डोकावून गेला. डोक्याला ताप नुसता. दिवसभर जीभ कडू होती.

खरं सांगायचं तर ते वाक्य मलाही खटकलं. पण पहिल्याच जबाबात ठोकलेला खिळा आता उपटायचा म्हणजे सोळा जबाब परत करायचे, आणि दुरुस्ती-पत्र माझ्या सेवापुस्तकात जाणार. तेही नेमकं या महिन्यात. खिळा राहू दे.

१८ मार्च, सोमवार

दुपारी वाट वाकडी करून स्टेशनरीच्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, तुमची बहीण सहा महिन्यांपूर्वीच सोडून गेली, तुम्हाला माहीत नाही? नऊ तास उभं राहणं होत नाही म्हणाली. मला बसून काम असं सांगणारा हाच माणूस. माझी कानशिलं तापली. चार लोकांत माझी शोभा झाली, आणि सहा महिने ही मला थापा मारत होती.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती डाळ निवडत होती, मान वर केली नाही. म्हटलं, ही मग जाते कुठं रोज? बायको म्हणाली, “अहो, तुम्ही तुमची फाईल नीट वाचा.”

फाईल वाचायला मला ही शिकवणार. विषय काय, बोलते काय.

२० मार्च, बुधवार

एकतिसावा जबाब. जबाबांवर नुसते क्रमांक असतात, नावं झाकलेली. वाचून दाखवायच्या दिवशी माणूस समोर येतो तेव्हाच कळतं कोण ते. हे मी इथं मुद्दाम लिहितो आहे. मला माहीत असायचं कारण नव्हतं, हे कुठंतरी नोंदलेलं असावं.

‘मी दुसऱ्या पाळीत पॅकिंगला आहे. आम्ही सगळे दाराशी उभे होतो. आतून दार ठोकल्याचा आवाज यायला लागला. पहारेकरी म्हणाला, किल्ली सुपरवायझरकडे आहे. मी कडी ओढून बघितली. कडी तापली होती. उजवा तळहात भाजला. मग इस्त्रीवाले काका म्हणाले, बाकडं घ्या. आम्ही बाकडं घेतलं.’

पुढं एक ओळ आहे. ‘घरी सांगितलं नाही. भाऊ शिकलेला आहे, तो म्हणेल तू तिथं गेलीसच कशाला.’

मी ते पान तीनदा वाचलं. मग पाणी प्यायला गेलो, तर नळाला पाणी नव्हतं.

मी खरंच म्हणालो असतो, तू तिथं गेलीसच कशाला.

२१ मार्च, गुरुवार

बायकोला पहिल्यापासून ठाऊक होतं. दवाखान्यात तीच घेऊन गेली होती धाकटीला. मी ओरडलो, की मला का नाही सांगितलं. ती म्हणाली, रविवारी सांगणारच होतो आम्ही दोघी, जेवण झाल्यावर. मग तुम्ही कावळ्यांवरून सुरू केलंत.

मी बाल्कनीत जाऊन दोरीवरचे कपडे काढले. ते अजून ओलेच होते.

२२ मार्च, शुक्रवार

साहेबांना आडून विचारलं. समजा साक्षीदारांत कुणी अनुवादकाच्या नात्यातलं निघालं तर? म्हणाले, लेखी कळवायचं, फाईल दुसऱ्याकडे जाते. पण शब्द तुमचाच राहणार, तुमचाच नियम आहे ना. हसले. मग विचारलं, एखाद्याच जबाबात शब्द बदलला तर? त्यांनी भिंतीकडे बोट केलं. बदलायचा तर चाळीसही जबाबांत बदला आणि दुरुस्ती-पत्र द्या. त्यात कारण लिहावं लागेल, की मूळ साक्षीदार तसं बोललाच नव्हता. आणि खुर्चीचं तुम्ही जाणता, म्हणाले.

जाणतो. जागेवर येऊन चाळीसही मूळ जबाब काढले आणि तेवढा एकच शब्द शोधत बसलो. पुष्कळ माणसं. आम्ही. त्या पोरी. आमच्यातले सगळे. दुसऱ्या पाळीचे लोक. सुपरवायझरसुद्धा ‘कामगार’ म्हणतो. झुंड, टोळकं, दंगेखोर, असं चाळीसांतल्या एकानंही म्हटलेलं नाही. हा शब्द कारखान्याच्या पत्रातून उचलून मी चाळीस जणांच्या तोंडात घातला, आणि त्या दिवशी मला त्याची धार आवडली होती. डायरीच्या पहिल्याच पानावर लिहिलं आहे.

२५ मार्च, सोमवार

कळवलं नाही. पत्रही दिलं नाही. कालपासून एक वाट सुचली आहे आणि ती सुचल्याचीच लाज वाटते.

कायद्यानं प्रत्येक जबाब साक्षीदाराला वाचून दाखवावा लागतो. इंग्रजी कागद हातात धरून आपल्या भाषेत तोंडी सांगायचं, मग तो सही करतो. वाचून दाखवणारा मीच. मॉब आला की मी ‘लोक’ म्हणणार. कुणाला काय कळतं? त्यांच्या कानाला बरोबर लागेल, कागदाला कागदाचं. अधिकारी बाई शहाण्या आहेत, त्या काय एका शब्दावर निकाल देणार आहेत?

हे लिहून मी पुन्हा वाचलं. देतील. मी त्यांच्या जागी असतो तर दिला असता.

२७ मार्च, बुधवार

जसं झालं तसं लिहितो.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल, एका टोकाला अधिकारी बाई, मधे मी, माझ्या शेजारी टंकलेखक बाई. आज त्या बावीस जणांचेच जबाब वाचायचे होते; ते बाहेर पॅसेजमध्ये भिंतीला टेकून उभे. खुर्च्या आठच होत्या आणि त्यांवर त्यांनी आपल्या पिशव्या ठेवल्या होत्या.

पहिले आले इस्त्रीवाले काका. मी मॉब वाचला आणि ‘लोक’ म्हटलं. काकांनी मान हलवली आणि सही केली. जाताना मला नमस्कार करून म्हणाले, “साहेब, आमचं नीट लिहिलंत.” दुसरी, तिसरा, चौथी. दर वेळी तो शब्द आला की माझी जीभ आपोआप वळण घ्यायची. टंकलेखक बाईंनी एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. साडेबारापर्यंत अकरा सह्या झाल्या आणि ते अकराही जण घरी निघाले. काम भराभर चाललं आहे म्हणून अधिकारी बाईंनी माझं कौतुक केलं.

बारावी धाकटी. आत आली, मला पाहिलं आणि खुर्चीच्या कडेवर बसली. आश्चर्य नाही, काही नाही. अनुवाद कुठं होतो हे तिला ठाऊकच होतं. मी वाचायला लागलो. ‘मी लोकांमध्ये उभी होते,’ म्हटलं. तिनं हात पुढं करून कागद आपल्याकडे फिरवला. तिचं इंग्रजी बेताचं आहे, पण तीन अक्षरं कुणालाही वाचता येतात. तळहातावर पट्टी नव्हती, नवी गुलाबी कातडी होती. तिनं त्या शब्दावर बोट ठेवलं.

“दादा, इथं लोक लिहिलंय?”

मी कागद परत ओढायला गेलो, तिनं बोट उचललं नाही.

“रविवारी तूच सांगितलंस ना, शब्द बघून कळतं माणसं कशाला आलीत. मग हा वाचून बाईंना काय कळणार?”

ती आवाज चढवून बोलली नाही. अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवून मला इंग्रजीत विचारलं, या काय म्हणत आहेत?

त्या क्षणी माझ्या लक्षात आलं, की मी अजूनही काहीही सांगू शकतो. खोलीत दोन्ही भाषा येणारे आम्ही दोघंच, मी आणि टंकलेखक बाई, आणि बाई कीबोर्डकडे बघत होत्या. ‘त्यांना तारखेची शंका आहे’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. धाकटीला ते कळलंही नसतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, लहानपणी मी तिला पाटीवरचं वाचून दाखवायचो तेव्हा बघायची तशी, आणि मला ते सहन होईना.

मी म्हटलं, या विचारतात की कागदावर आहे तेच मी वाचून दाखवलं का. उत्तर, नाही. हा शब्द या बोललेल्या नाहीत. चाळीसांतलं कुणीच बोललेलं नाही. तो कारखान्याच्या पत्रातला आहे, मी सगळ्यांच्या जबाबात घातला. आणि या माझ्या सख्ख्या बहीण आहेत, हेही मी कळवलेलं नाही.

बाईंनी विचारलं, किती जणांकडून अशा सह्या घेतल्यात? मी म्हटलं, अकरा. त्यांनी सह्या झालेले अकरा कागद बाजूला काढले. मग म्हणाल्या, त्यांना परत आणा, आणि तुम्ही काय केलंत ते तुम्हीच त्यांच्या भाषेत सांगा. नंतरचे अनुवाद दुसरं कुणीतरी करेल, पण हे तुम्ही कराल.

मी जिना उतरलो. अकराही जण अजून बसस्टॉपवरच होते, बस आली नव्हती. रस्त्यावर उभं राहून सांगितलं. ज्या कागदावर तुम्ही सह्या केल्यात त्यात तुम्हाला दंगेखोर म्हटलं आहे. ते मी लिहिलं, आणि वाचताना लपवलं. कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. एक जण म्हणाला, माझी बस येतेय, पुन्हा यायचं म्हणजे पाळी बुडेल. पण तोही आला.

वर सगळे बावीस एकदम खोलीत उभे राहिले. टंकलेखक बाईंनी कोरा कागद लावला. अधिकारी बाईंनी मला विचारलं, मग बरोबर शब्द कोणता? मला एकही सुचेना. नऊ वर्षं हेच काम करतो आहे आणि डोकं रिकामं. मी वळून त्यांनाच विचारलं, तुमच्यासाठी काय लिहू?

इस्त्रीवाले काका म्हणाले, “शब्द कशाला शोधताय, साहेब? बावीस माणसं आहोत. नावं आहेत आम्हाला. नावं लिहा.”

मी ते इंग्रजीत सांगितलं. बाई म्हणाल्या, लिहा.

एकेक जण टेबलाशी आला. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, पॅकिंगला की शिलाईला की इस्त्रीला. मी उच्चार सांगत होतो, टंकलेखक बाई टाईप करत होत्या, मधेच थांबून ‘हे ठीक आहे का’ असं ज्याचं त्याला विचारत होत्या. पाऊण तास लागला. साहेब दारात येऊन उभे राहिले, सगळं ऐकलं आणि निघून गेले. खुर्चीचं काय झालं ते मला त्यांच्या पाठीवरूनच कळलं.

धाकटी शेवटी आली. मला तिचं नाव माहीत होतं. जन्माला आली तेव्हा ते मीच सुचवलं होतं. पण बाकीच्या एकवीस जणांना विचारलं होतं, म्हणून तिलाही विचारलं.

“आपलं नाव?”

तिनं सांगितलं. अगदी सावकाश, आडनावासकट, मी चुकू नये म्हणून.